तुम्ही विचारलंत म्हणून : वैशाखातलं पाणी

घरी कोणी आलं की चहा होईपर्यंत परसात एक चक्कर मारून येतं. परतताना ठरलेले प्रश्न असतात. "ताई, यातलं तुमचं सगळ्यात आवडतं काम कोणतं? बसायला कोणती जागा आवडते? आणि एवढ्या उन्हात भाजी लावता तरी कशी?"

बहुतेकांना वाटतं, मी भरिताच्या वांग्यांचं नाव घेईन. राहते फैजपूरजवळ, भरिताच्या वांग्यांचं बामणोद हाकेच्या अंतरावर, आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. थंडीत ती पांढऱ्या रेघांची हिरवी, जड वांगी हातात घेताना आनंद होतोच. पण वांगं तोडायला कोणालाही आवडेल. माझं आवडतं काम वैशाखातलं आहे. पहाटे उठून पाणी वाटणं.

वाटणं हा शब्द मी मुद्दाम वापरते. माझं माहेर धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं, पांझरा नदीच्या काठचं. तिथे जुनी फड पद्धत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांमध्ये विभागलेली. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, आणि पाटकरी पाळीपाळीने पाणी फिरवणार. माझे आबा पाळीच्या रात्री कंदील आणि फावडं घेऊन निघत, मी हट्टाने मागे जाई. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचे. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असायचा, म्हणून तोटाही सगळ्यांत वाटला जाई. कोणाचं तरी शेत हिरवं आणि शेजाऱ्याचं करपलेलं, असं व्हायचं नाही. लहानपणी हे काही मोठं वाटलं नाही. सासरी आल्यावर, नळाला तीन दिवसांआड पाणी आणि पाऱ्याला ४५ अंश, असा पहिला मे महिना काढला तेव्हा आबांचा कंदील आठवला.

म्हणून होळी झाली की मी परसात उभी राहून ठरवते, यंदा कोणता वाफा कोरडा ठेवायचा. टोमॅटो पहिला जातो. दिवसा ३५ अंशांच्या वर गेलं की त्याचं फूल धरत नाही, गळून पडतं, मग कितीही पाणी घाला. लोक तरी मे महिनाभर त्याच्या मुळाशी बादल्या ओततात, मला ते बघवत नाही. कोथिंबीर, मेथी थांबवते. वांग्याची झाडं गुडघ्याएवढी छाटून ठेवते, जगण्यापुरतं पाणी देते, पाऊस पडला की ती पुन्हा फुटतात. उरलेलं पाणी मोगरा, कढीपत्ता, अळू, केळी आणि वेलांचं.

पाणी पाचच्या सुमारास द्यायला लागते. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. त्या पाण्याने मी पहिल्या वर्षी दोडक्याचे चार वेल घालवले आहेत. आता नळी नाहीच, तांब्या आणि बादली. तांब्याने दिलं की प्रत्येक झाडाशी वाकावं लागतं. वाकलं की दिसतं, कोणत्या पानामागे मावा बसलाय, कुठे मुंग्या मातीचे कण वर काढताहेत, कुठल्या आळ्यात भेग पडलीय. आमची माती काळी, ओली झाली की फुगते, वाळली की आकसून एवढी फाटते की बोट आत जातं, आणि भेग पडताना बारीक मुळंही तुटतात. अशा भेगेत पाणी ओतलं तर ते सरळ खाली निघून जातं. म्हणून आधी भेग भुसभुशीत मातीने बुजवायची, वर केळीची वाळकी पानं पसरायची, मग पाणी. एकेका झाडाला दीड मिनिट लागत असेल. त्या वेळात मला कोणी हाक मारलेली आवडत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत झालंय.

आता जागा. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं, तो कोपरा. येणाऱ्याला आधी गुलाब दाखवावे लागतात, पण माझा जीव त्या कोपऱ्यात आहे. तिथे बसराई केळीचं बेट आहे. आता शेतांत सगळीकडे टिश्यू कल्चरच्या रोपांची ग्रँड नैन जात, पण घराजवळ बसराई बरी, बुटकी असल्यामुळे वाऱ्याने लवकर आडवी होत नाही. पश्चिमेला शेवरी लावली आहे, केळीच्या बागांना लावतात तशीच, कारण मेमधला उष्ण वारा पानांच्या चिंध्या करतो. केळीखाली अळू, अळूशेजारी धुण्याचा जुना दगड. दुपारी चार वाजता बाहेर रस्ता तापलेला असतो आणि या दगडावर बसलं की पायाला गारवा लागतो. मी तिथे शेंगा निवडते, चिठ्ठ्या लिहिते, कधी नुसती बसते. सासरे गेले त्या दिवसांत मी रडायलाही तिथेच जात होते.

त्या कोपऱ्यात आंघोळीचंच पाणी जातं. कपडे धुतलेलं पाणी मी वेगळं काढून दिलं आहे, कारण धुण्याच्या पावडरीतल्या सोड्याने काळी माती आणखी चिकट आणि टणक होते. घड उतरला की त्या झाडाचं खोड कापून त्याच्या जाड फोडी करते आणि वेलांच्या आळ्यात मांडते. खोडात पाणीच पाणी असतं, ते हळूहळू मातीत उतरतं. बुंध्याशी आलेली पिल्लं सगळी ठेवायची नसतात, एकच जोमदार पील ठेवायची. याबाबतीत मी कठोर आहे.

आणि भाजी लावायची पद्धत म्हणाल तर घागर. भाजलेल्या मातीची, रंग न लावलेली घागर गळ्यापर्यंत जमिनीत पुरायची, पाणी भरायचं, तोंडावर परळ झाकायचा. घागरीच्या अंगातून पाणी पाझरतं. माती कोरडी असेल तेव्हा ते जास्त ओढलं जातं, ओली असेल तेव्हा कमी. घागरीपासून चार बोटांवर काकडी, दोडका, कारल्याचं बी टोचायचं, आणि उगवून येईपर्यंत मात्र वरून हाताने पाणी द्यायचं. माझी घागर आठेक लिटरची आहे. चैत्रात तिसऱ्या दिवशी भरते, वैशाखात दिवसाआड.

पहिल्या खेपेला मी फसले. बाजारात गुळगुळीत, लालभडक रंगवलेली घागर मिळाली, दिसायला देखणी. ती पुरली आणि आठ दिवसांनी परळ उचलून पाहिलं तर पाणी जवळपास तसंच, आणि भोवतालची काकडी वाळून गेलेली. रंगाने तिची सगळी छिद्रं बुजली होती. तेव्हापासून घागर भरून रात्रभर ओट्यावर ठेवते, सकाळी अंगावर घाम आलेला दिसला तरच पुरते. माठ वर्षानुवर्षं वापरला की पाणी गार करेनासा होतो ना, तोही इथे कामाचा नाही, क्षारांनी त्याची छिद्रं भरलेली असतात.

मग नवी घागर दर वर्षी कुठून आणायची? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, सांजोरी ठेवतात. आमच्या घरात ती घागर नंतर प्यायच्या पाण्याला घेत नाहीत, माळ्यावर पडून राहायची. एका वर्षी मी घाबरत घाबरत सासूबाईंना विचारलं की ती बागेत पुरली तर चालेल का. त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "पितरांचं पानी झाडाले गेलं, त काय वाईट झालं?" तेव्हापासून आखाजीची घागर कोरडी करून ठेवते आणि पुढच्या माघात पुरते. सासऱ्यांच्या नावाच्या घागरीभोवती दोडका असतो, त्यांना दोडक्याची भाजी फार आवडायची.

वेलांना सावली हवी म्हणून मांडव घालते, तोही तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा. कपाशीच्या पऱ्हाट्या फुकट मिळतात, पण मागे राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, आणि आमच्या भिंतीपलीकडे लगेच कपाशीचं शेत आहे. शेजाऱ्याच्या पिकाला माझ्या मांडवातून अळी जाऊ नये. कुंडीत लावणाऱ्यांना एवढंच सांगते, नुसती काळी माती भरू नका. तिचा गोळा होतो आणि पाणी कडेकडेने निघून जातं. निम्मं तरी शेणखत आणि वाळू घाला.

मृगाचा पाऊस नीट पडला की घागरी उकरून काढते. हे काम सावकाश करावं लागतं. माती बाजूला सारत गेलं की दिसतं, घागरीच्या पूर्ण अंगाला पांढऱ्या मुळांचं जाळं चिकटलेलं असतं, जणू कोणी धाग्याने विणून ठेवलं आहे. ते मी बोटांनी सोडवते. अजून पाझरणारी घागर धुऊन ठेवते. जिचा पाझर थांबलेला असतो ती दगडावर फोडते आणि तिच्या खापऱ्या पावसाळी कुंड्यांच्या तळाला घालते.