सतराशे शहाऐंशी

मादाम दारात आल्या त्या पाटी हातात घेऊनच. निळ्या मुलाम्यावर पांढरा आकडा, १७८६. मेरीतून, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीतून, आदल्या आठवड्यात सही करून त्यांनी ती नेली होती. बोलल्या काही नाहीत, नुसतं बोट वर केलं. आपल्याकडं जिथं गणेशपट्टी असते तिथं, पांढऱ्या त्युफो दगडात कोरलं होतं: १८३४.

“माझं घर तुम्ही अठ्ठेचाळीस वर्षांनी म्हातारं केलंत, मस्ये.”

मी मूळचा पुण्याचा, आता पश्चिम फ्रान्समध्ये आँजे शहरातल्या एका छोट्या कंपनीत नकाशांचं काम करतो. गेली काही वर्षं बहुतेक काम एकच: खेड्यांना पत्ते देणं. लोकांना वाटतं युरोपात हे कधीच उरकलं असेल. शहरांत उरकलं होतं. गावांत मात्र दोन हजारांहून जास्त वस्ती असेल तरच नंबरांची यादी सरकारला कळवायची सक्ती होती. लहान गावांत वाडीचं नाव लिहिलं की पत्र पोचायचं, कारण पोस्टमनला माणसं पाठ. २१ फेब्रुवारी २०२२ च्या कायद्यानं लहान-मोठ्या सगळ्या गावांना रस्त्यांना नावं आणि घरांना नंबर देणं भाग पाडलं.

गावाबाहेर लांबत जाणाऱ्या रस्त्यांवर आम्ही मीटरचे नंबर देतो. रस्ता जिथं सुरू होतो तिथून घराच्या फाटकापर्यंत जितके मीटर, तोच नंबर. उजवीकडं सम, डावीकडं विषम. उद्या मधल्या शेतात कुणी घर बांधलं तरी ‘७ बिस’, ‘७ तेर’ अशी शेपटं लावावी लागत नाहीत. शिवाय नंबर वाचूनच रुग्णवाहिकेच्या चालकाला कळतं, अजून पावणेदोन किलोमीटर जायचंय. मला ही पद्धत मनापासून आवडते. मी सदाशिव पेठेत वाढलो. तिथं नंबर पेठेचा असतो, रस्त्याचा नाही, आणि घर शेवटी सापडतं ते देवळासमोरच्या बोळावरूनच. फक्त मीटरचे नंबर हजाराच्या पुढं गेले की सनासारखे दिसतात, हे त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“या आत,” स्वयंपाकघरातून आवाज आला. मादामचे यजमान, त्यांनाही मी मस्येच म्हणतो, टेबलाशी शेंगा सोलत बसले होते. निवृत्त पोस्टमन, तीस वर्षं याच रस्त्यांवर सायकल मारलेली. नंबर त्यांनाच हवा होता, आणि त्याला कारण होतं.

मेन-ए-ल्वार हा गावं एकत्र करण्यात पुढं असलेला जिल्हा. इथली तीन गावं १ जानेवारी २०१६ ला मिळून एक झाली, कागदावर. देवळं तीनच राहिली आणि तिन्ही देवळांसमोरचा रस्ता ‘र्‍यू द लेग्लीझ’, म्हणजे चर्चचा रस्ता. फ्रान्सभर या नावाचे रस्ते पोत्यानं सापडतील. एका गावात तीन झाले की मात्र पंचाईत. गेल्या हिवाळ्यात रात्री मस्येंच्या छातीत कळ आली. मादामनी १५ हा रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला, पत्ता सांगितला. रुग्णवाहिका गेली नऊ किलोमीटरवरच्या दुसऱ्या ‘चर्च रस्त्या’वर. तिथल्या सात नंबरच्या म्हाताऱ्यानं झोपेतून उठून दार उघडलं आणि आपण धडधाकट असल्याचं सांगितलं.

“पोस्टमनचंच घर सापडेना,” मस्ये हसत म्हणाले. मादाम हसल्या नाहीत.

नावाचा तंटा तोवर मिटला होता. सर्वांत मोठ्या गावानं ‘चर्च रस्ता’ स्वतःकडं ठेवला. उरलेल्या दोघांना मेरीनं पक्ष्यांची नावं सुचवली. हा फार सोपा आणि फार बेचव मार्ग आहे: चिमणी, बुलबुल, कोणाचा राग नाही, कोणाचं प्रेमही नाही. मी नेपोलियनच्या काळातल्या जमीनमोजणीचे नकाशे काढले. १८०७ च्या कायद्यानं सुरू झालेली ही मोजणी गावोगाव झाली, आणि ते नकाशे आता जिल्हा अभिलेखागाराच्या साइटवर घरबसल्या बघता येतात. पातळ शाईच्या तिरक्या अक्षरांत मादामच्या रस्त्यावर लिहिलं होतं ‘श्मँ द्यु फूर’, भट्टीची वाट. गावाची सामाईक पावभट्टी असणार. सभेत हे वाचलं तेव्हा मागच्या रांगेतून मादामच बोलल्या होत्या, “माझी आजी म्हणायची, भट्टीकडं जाऊन ये. तिथं भट्टी नव्हती कुठलीच.” नाव तिथंच मंजूर झालं.

राहिला आकडा. मी समजावू लागलो की घरांना नंबर काही आजचे नाहीत. १७६८ मध्ये राजानं हुकूम काढला, ज्या गावांत सैन्य मुक्कामाला उतरतं तिथल्या घरांना नंबर घाला.

“म्हणजे शिपाई माझ्या घरात झोपवायला,” मादाम.

मग १८०५ मध्ये पॅरिसला सम-विषमची शिस्त आली, सेन नदीकडं बघून रस्त्याची सुरुवात ठरू लागली, १८२३ नंतर ती बाकीच्या शहरांत पसरली.

“आणि आता इंटरनेटची तार ओढायला.” हेही खरंच होतं. फायबरवाल्यांना नंबर नसलेलं घर जोडताना फार डोकेदुखी होते, आणि मेरीची खरी घाई बऱ्याचदा त्यांच्यामुळंच असते.

मी एक पळवाट काढली. घराला दोन फाटकं होती. लहान फाटक १७८६ मीटरवर, ट्रॅक्टरचं फाटक पुढं. मोजणीचं चाक घेऊन मी बाहेर गेलो, गवतातून ढकलत नेलं, आकडा बघितला आणि तिथंच कपाळाला हात लावला.

“किती?” मस्येंनी खिडकीतून विचारलं.

“अठराशे बारा.”

शेंगांचं पातेलं बाजूला सरकल्याचा आवाज आला. “ते नको. त्या साली आमची फौज मॉस्कोला गेली होती. परत किती आले माहितीय ना?”

मादाम बराच वेळ पाटी उलटसुलट करत राहिल्या. मग म्हणाल्या, दगडाला भोक पाडायचं नाही, त्युफो भुसभुशीत असतो, पाऊस आत शिरतो. आणि दाराजवळ तर नाहीच. मी म्हटलं, रस्त्याकडच्या पत्रपेटीच्या खांबावर लावू. तिथून कोरलेलं १८३४ दिसत नाही.

दोन स्क्रू, पाच मिनिटांचं काम. मस्ये काठी टेकत फाटकापर्यंत आले, पाटी सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघितलं.

“सतराशे शहाऐंशी ठीक आहे,” ते बायकोला म्हणाले. “तेव्हा राजाचं डोकं अजून जागेवर होतं.”

मादाम आता हसल्या. मला त्यांनी कागदात बांधून मूठभर शेंगा दिल्या. गाडीत अजून एकतीस पाट्या होत्या आणि पुढचं घर होतं १९४०. तिथं काय ऐकावं लागणार याचा विचार करतच मी गाडी सुरू केली.