कमी वाजणारा बार : आमची वाटचाल

ब्लास्टिंगवाला चांगला की वाईट, हे सोलापुरात आवाजावरून ठरतं. पत्रे थरथरले, कावळे उडाले की गिऱ्हाईक खूश, "भारी उडवला बार!" आमची फर्म 1996 पासून या समजुतीशी भांडतेय. बार जास्त वाजला म्हणजे माल, म्हणजे स्फोटक, वाया गेला. खडक फोडायचा गॅस ठासणी (होलच्या तोंडाशी ठासलेला भराव) फेकून वरच्या वर निघून गेला, एवढाच त्याचा अर्थ. चांगला बार दबका धप्प होतो, भाकरी टम्म फुगते तसा बेंच, म्हणजे खाणीतली खडकाची पायरी, जागेवर फुगतो आणि पुढं सरकून बसतो. मग पोकलेनवाल्यानं बकेट घातली की खरा निकाल लागतो.

वडिलांची यारी होती, म्हणजे विहिरीतला दगड वर ओढायची क्रेन. 1972 च्या दुष्काळानंतर मंगळवेढा, सांगोला, दक्षिण सोलापूर या भागात त्यांनी विहिरी खोदल्या. तेव्हा होल हातानं. एकानं पहार धरून फिरवायची, बाकीच्यांनी घण घालायचे, बार वातीवर. संध्याकाळी ते डोक्याला फडकं आवळून बसायचे. जिलेटिनमधलं नायट्रोग्लिसरीन अंगात गेलं की डोकं ठणकतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. 2004 च्या एप्रिलपासून तो माल सरकारनं बंद केला, नायट्रोग्लिसरीन नसलेलं स्लरी आणि इमल्शन आलं, आणि त्या डोकेदुखीतून सगळे सुटले.

मी सुरुवात केली ती एक जुना ट्रॅक्टर कॉम्प्रेसर आणि दोन जॅकहॅमर घेऊन. भागीदार म्हणजे आमचे मिस्त्री. जातीनं वडार, दगडात जन्म गेलेला माणूस. भागीदारीचा कागद कधी झाला नाही. पैसे माझे, हात त्यांचे, नफा अर्धा. शॉटफायररच्या, म्हणजे बार उडवणाऱ्याच्या, परमिटची परीक्षा मी दिली, पण होल कुठं मारायचं ते मिस्त्री ठरवायचे. आजही साइटवर कुणी फूटपट्टी घेऊन जाळी आखायला लागलं की मला ते खडूचा तुकडा घेऊन खडकावरून चालताना दिसतात. आधी चीर कुठून जाते ते बघायचे, मग खुणा.

आपला काळा पाषाण वरून एकसारखा दिसतो. आत लाव्ह्याचे थरावर थर आहेत, दोन थरांमध्ये कुठं तांबड्या मातीचा पट्टा, कुठं जाळीचा दगड. त्या पट्ट्यासमोर माल भरला तर सगळा जोर तिथूनच निसटतो, वरचा पाषाण जागेवर हसत राहतो. मिस्त्री चालत्या रॉडवर तळहात ठेवून सांगायचे, "लाल लागली." धूळ त्यानंतर तांबडी यायची. त्या होलमध्ये तेवढी जागा ठासणीनं भरून काढायची आणि माल वर-खाली द्यायचा. हे कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

रॉडबद्दल बोलायलाच हवं, कारण नव्या पोरांना रॉड म्हणजे नुसतं लोखंड वाटतं. 22 मिमीचा षटकोनी रॉड, टोकाला टंगस्टन कार्बाइडची पात. आधी 0.8 मीटरचा, मग 1.6 चा, मग 2.4 चा. डोकं दर टप्प्याला एक मिमी बारीक : 34, 33, 32. पात झिजत जाते तसं होल खाली निमुळतं होतं, म्हणून ही सोय. घाईत कुणी क्रम चुकवला की रॉड अडकतो, आणि अडकलेला रॉड काढण्यात अर्धी पाळी जाते. पातीला धार लावताना दाबून तापवायची आणि मग पाण्यात बुडवायची, ही सवय तर मोडाच. कार्बाइडला केसाएवढी चीर जाते आणि दुसऱ्या दिवशी टोक होलमध्येच राहतं. ठासणीला होलमधून निघालेली भुकटी वापरू नका, बारीक कच खडी वापरा, ती अडकून बसते. फसलेल्या बाराच्या होलात पुन्हा रॉड घालणाऱ्याला आम्ही त्याच दिवशी घरी पाठवतो. शेजारी, निदान 30 सेंटीमीटर सोडून, समांतर होल मारायचं, दुसरा मार्ग नाही. आणि कानात बोळे घाला. मिस्त्रींचे कान पन्नाशीच्या आत गेले. शेवटी त्यांना खडक फक्त हातानं कळायचा.

2004 नंतरची सात-आठ वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग महामार्गांच्या चौपदरीकरणाचे दिवस आले, खडीला मरणाची मागणी आली, आणि आमच्याच कॉम्प्रेसरवर होल मारायला शिकलेला एक जण स्वतःची गाडी घेऊन आमच्यासमोर उभा राहिला. नाव घेत नाही, लाइनमधले सगळे ओळखतात. त्याचा दर आमच्यापेक्षा कमी. कमी का, हे कुणी विचारलं नाही. तो होलांमधलं अंतर वाढवायचा, ठासणी आखूड ठेवायचा आणि बार असा वाजवायचा की चार गावांत कळावं. लोक म्हणाले, काय जोर आहे!

शहराच्या पूर्वेला एका गावाच्या अलीकडे आमची खाण, पलीकडे त्याची. उन्हाळ्यात गावातल्या माळवदाच्या घरांना तडे दिसायला लागले. अर्ज आमच्या नावानं गेला, कारण फाटकावर पाटी आमची होती, परवान्याचा नंबर आमचा होता. त्याच्या फाटकावर साधा बोर्डही नव्हता. मी सगळ्यात जवळच्या घराच्या जोत्याशी कंपन मोजायचं यंत्र लावलं. डीजीएमएसचं, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, 1997 चं परिपत्रक आहे. घरांसाठी कंपन 8 हर्ट्झच्या खाली असेल तर हद्द 5 मिमी प्रति सेकंद, 25 पर्यंत 10, त्यावर 15. आमचं एकही रीडिंग 5 च्या वर गेलं नाही. कागद घेऊन मी दारोदार फिरलो. पण माणसाला कंपन आणि हवेचा दणका यातला फरक कळत नाही. ताटं वाजली ती त्याच्या आवाजानं, शिव्या आम्हाला. तड्यांचं म्हणाल तर घरं काळ्या रानावर. वैशाखात याच जमिनीत पाय जाईल एवढी भेग पडते. तीच जमीन जोत्याखाली गेली की गप्प बसते काय?

तोंडी सांगण्यात आलं, काम थांबवा. लेखी कधीच काही आलं नाही, त्यामुळं दाद तरी कुठं मागणार? ज्या ठेकेदारासाठी खडी काढत होतो त्यानं काम थांबल्याचं कारण सांगून आधीच्या कामाचं बिलही धरून ठेवलं. ते आजतागायत आलेलं नाही. बँकेचा हप्ता मात्र कुणासाठी थांबत नाही. वॅगन ड्रिल, म्हणजे होल मारायचं चाकांवरचं मोठं यंत्र, विकावं लागलं, आणि विकत घेणारा कोण, तर तोच. पोरं त्याच्याकडं गेली. एक पोरगा जाताना म्हणाला, "मालक, तिकडं आवाज तरी होतो."

त्या वर्षी सांगोल्याचे आप्पा नसते तर आम्ही आवरतंच घेतलं असतं. डाळिंबवाले आप्पा. त्यांची विहीर वडिलांनी खोदली, पाणी खाली गेल्यावर मी दोन परस खोल केली. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. एके दिवशी स्वतः एसटीनं आले, चहा घेतला आणि शेततळ्याची उचल टेबलावर ठेवली. शेततळं काढायची जागासुद्धा तेव्हा ठरलेली नव्हती. मी म्हटलं, आप्पा, आधी जागा तरी बघू. तर म्हणाले, "जागा कुठं पळून जात नाही. तू पळून जाशील." त्या पैशात जॅकहॅमरची दुरुस्ती झाली, डिझेल आलं. शेततळ्यात मुरूम कमी आणि पाषाण जास्त निघाला, तरी ठरल्या दरातच काम केलं.

पुढं गिऱ्हाईक परत आलं ते आमच्या गुणानं नव्हे, क्रशरमुळं. लांब अंतरावर होल मारले की मोठाले धोंडे निघतात, ते क्रशरच्या जबड्यात जात नाहीत. मग ब्रेकर, म्हणजे पोकलेनला जोडायचा हातोडा, लावून पुन्हा फोडा. फुटामागं वाचवलेला पैसा ब्रेकरच्या डिझेलमध्ये दुप्पट गेला, तेव्हा खाणमालकांनी आम्हाला फोन केले. माफी एकानंही मागितली नाही.

आता मुलगा बघतो. 2025 च्या एप्रिलपासून इलेक्ट्रिक डिटोनेटर (माल पेटवणाऱ्या टोप्या) बंद झाले, आम्ही इलेक्ट्रॉनिक वापरतो. महाग पडतात, पण प्रत्येक होलची वेळ मिलिसेकंदात देता येते, आणि बार आणखी कमी वाजतो. मुलगा त्याच्यावर खूश आहे. गिऱ्हाईक बिलाकडं बघून विचारतं, आवाज तर झालाच नाही? नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूची कामं आम्ही घेत नाही, कितीही ओळख काढा. गावठाणाला लागून पाया काढायचा असेल तर आम्हीच सांगतो, बार नको, ब्रेकर लावा, आणि ब्रेकरवाल्याचा नंबरही देतो. आमचा नंबर त्यानं अजून कुणाला दिलेला नाही.