पाण्यावर चालणारी शांतता

पाण्याने थंड होणारा संगणक स्वतः जुळवताना मला वेगापेक्षा शांतता अधिक हवी होती. वजनाला वजन धरले तर पाण्याची उष्मा सामावण्याची क्षमता हवेच्या सुमारे चौपट असते. त्यामुळे प्रोसेसरवर क्षणभर भार आला तरी पाणी सावकाशच तापते. सुरुवातीला या गुणाचा मी काहीच उपयोग केला नव्हता. पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला जोडल्यामुळे साधा ब्राउझर उघडला तरी पंखे घुमू लागत आणि दोन क्षणांत पुन्हा मंदावत, आणि हा चढउतार मला एकसुरी आवाजापेक्षाही जास्त खुपे. अखेर पाण्यातच सेन्सर बसवून पंख्यांचा वेग त्याच्यावर सोपवला. वेग निम्मा केला की पंख्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, म्हणून मोठा रेडिएटर (पाण्यातली उष्णता पंख्यांच्या हवेत सोडणारी जाळी) आणि संथ पंखे हीच जोडी मी पसंत केली.

गळतीची चाचणी मात्र कोणीही टाळू नये. इतर भागांची वीज तोडून मी केवळ पंप चालू ठेवला आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर पसरला. तासाभराने एका कागदावर मोहरीएवढा ओला ठिपका दिसला. रबरी कडी बसवताना माझ्याच घाईमुळे चिमटली गेली होती.

उरली ती पंपाची गुरगुर. तो दोष पंपाचा नसून आत अडकलेल्या बुडबुड्यांचा होता. कॅबिनेट बाळासारखे हळूहळू दोन्ही बाजूंना कलते केल्यावर ते टाकीत वर आले आणि गुरगुर थांबली.