तंतोतंत जुळलं पाहिजे, पण कॅपिटल-स्मॉलची अट नको

गेला आठवडाभर इलास्टिकसर्चमधे (डेटा साठवून त्यात शोध घेणारं सॉफ्टवेअर) एकाच गोष्टीशी झटत होते, शेवटी जे हाताला लागलं ते लिहून ठेवतेय कारण हा प्रश्न कधी ना कधी सगळ्यांनाच पडतो. मागणी ऐकायला एकदम साधी होती. सुट्या पार्टचे कोड आहेत, कोणी कॅपिटलमधे टाइप करतं कोणी स्मॉलमधे, कसंही टाकलं तरी पार्ट सापडला पाहिजे, पण नेमका तोच, त्याचे भाऊबंद नकोत. म्हणजे केएक्स-४० शोधलं तर केएक्स-४० यावा, केएक्स-४०/बी येऊ नये.

कोडचं फील्ड (नोंदीतला रकाना) आधीपासून टेक्स्ट टाइपचं होतं. टेक्स्टमधे मजकूर आत जातानाच त्याचे तुकडे होतात, स्टँडर्ड ॲनालायझर (हे तुकडे करणारी यंत्रणा) डॅशवर तोडतो, स्लॅशवर तोडतो आणि प्रत्येक तुकडा स्मॉल करून टाकतो. म्हणजे केसचा (कॅपिटल-स्मॉलचा) प्रश्न मिटतो पण कोड मोडतो, इंडेक्समधे (शोधासाठी बनलेल्या सूचीत) 'केएक्स' वेगळा आणि '४०' वेगळा पडतो. मॅच क्वेरीला (शोधाचा नेहमीचा प्रकार), काही वेगळं सांगितलं नाही तर, यातला एक तुकडा जुळला तरी पुरतो, त्यामुळे ज्याच्या कोडमधे ४० आहे असे सगळे पार्ट हजर. मग वाटलं मॅच फ्रेज लावू. पण फ्रेज फक्त एवढंच बघते की तुकडे त्याच क्रमाने शेजारी शेजारी आहेत का, आणि केएक्स-४०/बी मधेही ते तसेच आहेत की! मला वाटतं सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. फ्रेज जुळणं आणि अख्खी व्हॅल्यू जुळणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

अख्खी व्हॅल्यू हवी तर कीवर्ड टाइप. त्यात तुकडे होत नाहीत, आख्खा कोड हाच एक टर्म (इंडेक्समधला एक शब्द), आणि टर्म क्वेरी तो टर्म जसाच्या तसा शोधते. आता केएक्स-४०/बी गेला पण स्मॉलमधे टाइप करणाऱ्याला परत शून्य रिझल्ट. (हीच टर्म क्वेरी चुकून टेक्स्ट फील्डवर लावली तर उलटं होतं, इंडेक्समधे सगळं स्मॉल आणि क्वेरीतलं कॅपिटल तसंच राहतं, मग समोर दिसणारा शब्दही सापडत नाही. माणूस तासन् तास डेटा तपासत बसतो आणि डेटा बिचारा बरोबर असतो.)

इथे मी एक चुकीची वाट धरली, ती मुद्दाम सांगते. ॲप्लिकेशनच्या कोडमधेच सगळं स्मॉल करायचं ठरवलं, सेव्ह करतानाही आणि शोधतानाही. दोन दिवस छान चाललं. मग लक्षात आलं की रात्रीच्या इम्पोर्टने येणारा डेटा त्या फंक्शनमधून जातच नाही, तो कॅपिटलमधेच आत जातो, आणि तेवढेच पार्ट सापडत नाहीयेत. शिवाय मूळ स्पेलिंगही गेलं, यादीत सगळे कोड स्मॉलमधे दिसायला लागले. आता माझं मत पक्कं आहे, हे काम इंडेक्सचंच आहे, तिथेच झालं पाहिजे.

आणि त्यासाठी नॉर्मलायझर आहे, ५.२ व्हर्जनपासून. ॲनालायझरसारखाच, पण टोकनायझर (तुकडे पाडणारा भाग) नसलेला. व्हॅल्यूचा तुकडा पाडत नाही, फक्त तिचं रूप एकसारखं करतो. इंडेक्सच्या सेटिंग्जमधे ॲनालिसिसखाली नॉर्मलायझर डिफाइन करायचा, टाइप कस्टम, फिल्टरमधे लोअरकेस (सगळं स्मॉल करणारा) आणि ट्रिम (पुढच्या-मागच्या रिकाम्या जागा काढणारा), आणि मॅपिंगमधे (कुठलं फील्ड कुठल्या टाइपचं ते जिथे ठरतं) कीवर्ड फील्डला त्याचं नाव द्यायचं. नुसतं लोअरकेसच हवं असेल तर त्या नावाचा तयार नॉर्मलायझर आहे, काही डिफाइन करायलाच नको. यातली खरी गंमत ही की टर्म आणि मॅच क्वेरीतली व्हॅल्यूपण त्याच नॉर्मलायझरमधून जाते, त्यामुळे डेटा कुठूनही येवो, शोधणारा कसाही टाइप करो, दोघं एकाच रूपात भेटतात. सोर्समधलं, म्हणजे साठवलेल्या मूळ डॉक्युमेंटमधलं, स्पेलिंग तसंच राहतं.

एक मात्र आहे, ॲग्रीगेशन (व्हॅल्यूंनुसार गट करून मोजणी) केलं की तिथे नॉर्मलाइझ झालेलं रूप येतं, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणाऱ्या फिल्टरच्या यादीत परत स्मॉल अक्षरं. म्हणून मी मल्टी-फील्ड केलं, मुख्य फील्ड टेक्स्ट, एक सबफील्ड साधं कीवर्ड आणि एक नॉर्मलायझरवालं.

आहे त्या फील्डचा नॉर्मलायझर नंतर बदलता येत नाही. नवीन सबफील्ड जोडता येतं, पण जुने डॉक्युमेंट त्यात आपोआप येत नाहीत, अपडेट बाय क्वेरी (जुने डॉक्युमेंट परत इंडेक्स करणारी कमांड) चालवावं लागतं. आणि कस्टम नॉर्मलायझर चालू इंडेक्समधे घालायचा तर आधी इंडेक्स क्लोज करावा लागतो. मी सरळ नवीन इंडेक्स काढून रीइंडेक्स केलं (सगळा डेटा त्यात परत घातला) आणि एलियस (इंडेक्सचं टोपणनाव) त्याच्याकडे फिरवला.

रीइंडेक्स करायचंच नसेल तर ७.१० पासून टर्म क्वेरीतच केस-इन्सेन्सिटिव्ह असा पर्याय आहे, पण तो फक्त ॲस्की (साध्या इंग्रजी) अक्षरांपुरता आणि एकदम अनेक व्हॅल्यू शोधणाऱ्या टर्म्स क्वेरीला तो नाहीच, त्यामुळे तात्पुरतं ठीक. सोलर (दुसरं सर्च सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी: स्ट्रिंग फील्डला तिथे ॲनालायझर लावता येत नाही, टेक्स्ट फील्ड घेऊन कीवर्ड टोकनायझर आणि लोअरकेस फिल्टर लावायचा, तेच काम होतं.

आता आपल्या लिपीचं. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही म्हणून आपण सुटलो असं मला वाटायचं, पण एकच शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. 'दऱ्या' कोणी ऱ वापरून लिहितं, कोणी साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) टाकून. दिसायला सारखं, बाइट्स वेगळे, लोअरकेस फिल्टरला यातलं काही कळत नाही. मग आयसीयू प्लगइनचा (युनिकोड मजकूर एकसारखा करणारा) नॉर्मलायझर लावावासा वाटतो, पण त्याचं नेहमीचं केसफोल्ड (कॅपिटल-स्मॉलचा फरक पुसणारं) रूप तो जॉइनर काढून टाकतं, आणि जॉइनर गेला की दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्रवाला दर्या होतो! म्हणून मी त्याच्या आधी एक मॅपिंग कॅरेक्टर फिल्टर (ठरलेली अक्षरं दिसली की बदलणारा) लावला, र, हलन्त, जॉइनर दिसलं की ऱ आणि हलन्त कर. मग ॲनालाइझ एपीआयला (मजकुराचे कोणते टर्म बनतात ते दाखवणारी सोय) नॉर्मलायझरचं नाव देऊन दोन्ही रूपं टाकून बघितली, दोन्हीकडून एकच टर्म आला, आणि दर्या वेगळाच राहिला.