चोरलहून जाम घाटाखाली: वसतिगृहाची व्हीसॅट डिश हलवताना

मावशीच्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह चोरलजवळच्या भाड्याच्या घरातून जाम घाटाच्या उतारावर, मंडलेश्वरच्या बाजूला, स्वतःच्या जागेत गेलं. पलंग, भांडी, पुस्तकं आधीच पोचली होती. मागे राहिली होती ती गच्चीवरची १.२ मीटरची व्हीसॅट, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणारी डिश. नव्या जागी फायबर नाही, मोबाइलची रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात येते न येते. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म, डॉक्टरांशी बोलणं, सगळं या डिशवर चालतं. म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही इंदूरहून निघालो. निमाडात अशा जागा पुष्कळ आहेत आणि माझ्याकडे विचारणाही होते, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी सेवा देणाऱ्या कंपनीला लेखी कळवा, डिशला पाना लावण्याआधी. डीटीएचची छत्री फक्त ऐकते, व्हीसॅट आकाशाकडे पाठवतेही. ती जराशी तिरकी लागली तर शेजारच्या उपग्रहावरच्या लोकांना त्रास होतो. म्हणून प्रत्येक जागेची कंपनीकडे नोंद असते आणि नव्या जागी हबवरून, म्हणजे कंपनीच्या मुख्य केंद्रावरून, तपासणी झाल्याशिवाय पाठवायला परवानगी मिळत नाही. अर्जात अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. ते गावाच्या नावावरून नकाशात शोधू नका, डिश जिथे बसणार तिथे उभं राहून फोनवर घ्या. आणखी एक गोष्ट विचारून घ्या: नवी जागा त्याच बीममध्ये, म्हणजे उपग्रहाच्या त्याच झोताखाली, येते का? आमची डिश जीसॅट-११ कडे बघते. ५ डिसेंबर २०१८ ला फ्रेंच गयानातल्या कौरूहून सुटलेला हा ५,८५४ किलोचा उपग्रह ३२ बीमनी देश झाकतो. बीम बदलला तर मॉडेममधली मांडणी बदलावी लागते आणि ते काम अगोदर झालेलं बरं.

मग जागा. जीसॅट-११ पूर्व रेखांश ७४ अंशांवर आहे. इंदूर-मंडलेश्वरच्या भागातून तो दक्षिणेच्या किंचित पश्चिमेला, चार-पाच अंश, आणि क्षितिजापासून ६३-६४ अंश वर येतो. आमच्या जागेला विंध्याची कड उत्तरेला आणि नर्मदेचं खोरं दक्षिणेला, त्यामुळे डोंगराचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता अंगणातल्या कडुनिंबाचा. इथे ऑक्टोबरने मदत केली. दर वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्या दिवसांत काही मिनिटं लिंक बंद पडते, ही तक्रार सगळ्यांना माहीत आहे. पण जागा निवडायला याच दिवसांसारखे दिवस नाहीत. साडेबाराच्या जरा आधी आम्ही खडू घेऊन गच्चीवर उभे राहिलो. कडुनिंबाची सावली जिथवर आली तिथे रेघ मारली आणि खांब तिच्यापासून चांगला लांब, कोरड्या उन्हात घेतला. सावली म्हणजेच उपग्रहाच्या वाटेतला अडथळा. इतर महिन्यांत साधा हिशेब धरा: झाड डिशपेक्षा जितकं उंच, त्याच्या निम्म्याहून जास्त अंतर हवं, शिवाय झाड वाढतं हे लक्षात ठेवा.

डिश उतरवताना खांबाच्या पट्टीवरचा कोन, फीडचा (डिशच्या समोरच्या सिग्नल घेणाऱ्या-सोडणाऱ्या तोंडाचा) दांडा, केबलींची टोकं, सगळ्याचे फोटो काढा. फीड आणि बीयूसी (सिग्नल वर पाठवणारा डबा) शक्यतो दांड्यावरून सुटे करू नका. केबलची तोंडं टेपने बंद करा, पाणी आत शिरलं की कनेक्टर गंजतो. डिश आम्ही गाद्यांच्या मध्ये, काठावर उभी बांधली. तिचा आकार जरा जरी वाकला तरी सिग्नल घटतो, म्हणून तिच्यावर सामान ठेवायचं नाही.

छोटा हाथी (लहान टेम्पो) चोरलहून सिमरोल, महू करत घाटमाथ्यावरच्या जाम गेटला नेला. सोयाबीनची काढणी चालू होती, त्यामुळे महूच्या पुढे ट्रॅक्टर आणि थ्रेशरमागे रांगायची तयारी ठेवा. जाम गेटला सुट्टीच्या दिवशी फिरायला येणाऱ्यांची गर्दी होते आणि पुढे घाटाची वळणं तीव्र आहेत. सकाळी लवकर, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

खांब काळ्या मातीत रोवू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हळूहळू कलतो. एवढ्या डिशचा झोत जेमतेम दीड अंशाचा असतो, अर्धा अंश कललं तरी फरक कळतो. आम्ही स्लॅबवर बसवला आणि मिस्त्रींकडून दोन बाजूंनी ओळंबा लावून घेतला. खांब सरळ असेल तर बाकीचं काम निम्मं होतं. डिश ऑफसेट, म्हणजे फीड मधोमध नसून खाली असलेली, असल्यामुळे ६४ अंश वर बघत असूनही डोळ्यांना बरीच उभी वाटते, तेव्हा डोळ्यांवर न जाता पट्टीवर जा.

खरा वेळ गेला तो बोलण्यात. दिशा पक्की करताना हबशी फोनवर बोलावं लागतं, आणि फोन लागत नाही म्हणूनच तर ही डिश. रेंज फक्त फाटकाजवळच्या कोपऱ्यात. मग मावशी तिथे फोन घेऊन उभ्या, जिन्यात एक मुलगी, गच्चीवर टेक्निशियन भैया आणि मी.

“मावशी, काय म्हणतायत?”

“थोडं डावीकडे म्हणे, अगदी केसभर!”

निरोप असा वर-खाली होत राहिला. तुमच्याकडेही रेंज नसेल तर रेंजची जागा आधी शोधून ठेवा आणि निरोप पोचवायला माणसं धरून ठेवा. मॉडेमचं सिग्नलचं पान लॅपटॉपवर उघडून गच्चीवरच नेलं तर बरीच ओरडाआरड वाचते. पाठवणं सुरू झालं की फीडच्या समोर कुणालाही उभं राहू देऊ नका, मुलांना तर नाहीच.

अर्थिंग टाळू नका. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज दोनच्या आत आल्याशिवाय भैयांनी मॉडेमला हात लावला नाही, आणि ते बरोबरच होतं. मीठ-कोळशाचा खड्डा करून त्यात पाणी घालत राहा. खेड्यातली वीज बघता मॉडेम इन्व्हर्टरवरच ठेवा.

पुष्कळ जण विचारतात, स्टारलिंकच्या उपग्रह-इंटरनेटसाठी थांबावं का? तिला भारतात परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. तिचे उपग्रह साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात, त्यामुळे उशीर कमी, पण आकाश सगळीकडून मोकळं लागतं. आमचा उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर एकाच जागी दिसतो, एक फट मिळाली तरी पुरते. बदल्यात प्रत्येक उत्तराला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. व्हिडिओवर बोलताना समोरच्याचं वाक्य संपू द्यायचं, हे मुलींना लगेच जमलं. परदेशातून संच आणून चोरून लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, संस्थेच्या अंगाशी येईल.

पावसाळ्यात जोराची सर आली की लिंक जाईल. सर ओसरली की मॉडेम आपोआप परत येतो, दर वेळी बंद-चालू करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये ज्या अर्जाची शेवटची तारीख असेल तो ढग भरून यायच्या आत सकाळीच भरून टाका.