एक डबी भरलेली असताना दुसरी कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"तीन महिन्यांनी लॅबमध्ये शुगरची ती एचबीएवनसी तपासणी करतेस ना? मग बोटं कशाला टोचत बसतेस? आणि एक डबी भरलेली असताना शुगर तपासायच्या पट्ट्यांची दुसरी डबी कशाला?" लेक विचारते, नणंद विचारते, हल्ली मेडिकलमधला मुलगाही विचारायला लागलाय. दर वेळी "असू दे" म्हणून मी विषय बदलते. आज सगळं सांगते.

रोज टोचत नाही मी. डायबिटिसच्या नुसत्या मेटफॉर्मिन या गोळीवर असलेल्या माणसाला रोज शुगर बघायची फारशी गरज नसते, हे माझ्या डॉक्टरांनीच मला सांगितलंय. पण माझ्या सकाळच्या गोळीत ग्लिमेपिराइडही आहे. पोटात अन्न असो नसो, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. जेवण चुकलं की शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. मंगळवारी दुपारी माझी शुगर पडली होती का, हे त्यात कुठून दिसणार?

एके काळी मीही तुमच्यासारखंच बोलायची. गल्लीच्या तोंडाशी लॅब आहे, मेडिकल चार पावलांवर आहे, घरात साठा कशाला? चिपळूणच्या बाजारपेठेत राहणाऱ्या माणसाला हे पटायचंच. २२ जुलै २०२१ पर्यंत पटत होतं.

पुराचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण त्या दिवशी दुपारी माझं काय झालं, ते मी कुणाला धड सांगितलेलं नाही. सकाळी नाश्ता होईलच या हिशेबाने गोळी घेतली, आणि पोहे भिजवते तोवर पाणी ओट्याला लागलं. गोळ्या, शुगर तपासायचं मशीन (ग्लुकोमीटर), घराची कागदपत्रं एका पिशवीत कोंबून आम्ही वरच्या मजल्यावर भाभींकडे गेलो. जिना चढेपर्यंत पिशवी खालून भिजली होती. भाभींच्या दोन खोल्यांत चार घरांची माणसं. पोरांना आधी बिस्किटं दिली, मोठ्यांनी चहा घेतला. वीज गेलेली, फोन बंद.

दुपारी मला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, छातीत धडधड. शुगर लो झाल्याची हीच लक्षणं. पण त्या घरात त्या वेळी घाम न फुटलेलं माणूस कोण होतं? खिडकीखाली गाड्या तरंगत होत्या. घाबरल्यावरही नेमकं असंच होतं. मी मशीन काढलं, पट्टी लावली. एरर. दुसरी लावली, परत एरर. पट्टीच्या टोकाला एन्झाइमचा थर असतो, त्याला ओल चालत नाही. म्हणूनच डबीत ओल शोषणारा पदार्थ असतो आणि पट्टी काढली की झाकण लगेच लावायचं असतं. माझ्या डबीत तर पाणीच गेलं होतं. एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्या मी पदराने पुसत होते, एकेक लावून बघत होते. एकही चालली नाही.

भाभींनी पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली. नियम असा की साखर घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. कशाने तपासायचं? आणखी एक ग्लास घ्यायचा की थांबायचं? ह्यांनी मनगटावरचं घड्याळ बघत पंधरा मिनिटं काढली आणि मला नुसतं विचारलं, "बरं वाटतंय का?" मी हो म्हटलं. खरं तर मला सांगता येत नव्हतं. झोपेत शुगर पडली तर कळणार नाही, म्हणून रात्रभर हे हाक मारून मला उठवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी मी घेतली नाही. ते बरोबर होतं की नाही, हे सांगायला कुणी नव्हतं. पुढे डॉक्टरांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, शुगर पडलीही असेल, नुसती भीतीही असेल. आता कळायला मार्ग नाही.

हे "आता कळायला मार्ग नाही" मला परत ऐकायचं नाहीये.

पाणी ओसरल्यावर मेडिकलवाले चिखलाने भरलेली खोकी रस्त्यावर काढत होते. एका शिबिरात मला नवं मशीन मिळालं, सोबत दहा पट्ट्या. त्या संपल्या आणि त्या कंपनीच्या पट्ट्या गावात मिळेनात. एका कंपनीची पट्टी दुसरीच्या मशीनला चालत नाही. मशीन फुकट देणारे पुष्कळ भेटतात, पट्टीचं विचारलं की "मागवावी लागेल." माझ्या जुन्या मशीनच्या पट्ट्या शेवटी भाचा कराडहून घेऊन आला.

सरकारने काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. नेमक्या पुराच्याच आठवड्यात ग्लुकोमीटरवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा लागू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये मशीन आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांना दिवसातून तीनदा टोचावं लागतं, त्यांना हे पैसे फार मोठे आहेत. पण पट्टी गावात नसेल, तर स्वस्त होऊनही माझ्या हातात काय पडणार?

ऑनलाइन मागव, असं लेक म्हणते. मागवतेही. पण बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात, आणि मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत किती तापतं, ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. तारीख बघून घ्यावं, तर कधी पुढच्याच महिन्यात संपणारा माल हातात येतो. डबी उघडली की काही कंपन्यांच्या पट्ट्या तीनच महिने चालतात. हो, माझ्या काही पट्ट्या वाया जातात. पैसे लेकीचे असतात आणि त्या टाकताना मला वाईट वाटतं. हा खर्च मेडिक्लेममध्येही बसत नाही. तुमचं म्हणणं तेवढ्यापुरतं मला मान्य आहे.

मग गोळीच बदल, असंही कुणीतरी म्हणेल. डॉक्टरांनी सिटाग्लिप्टिन सुचवलंय. त्याने शुगर अशी पडण्याची भीती फार कमी. बदलली तर पट्ट्याही कमी लागतील, हे मलाही कळतं. पण आत्ताच्या गोळीवर माझे आकडे चांगले आहेत आणि ते सोडायला मन धजत नाही. पुढच्या रिपोर्टनंतर बघू, असं ठरलंय. तोवर पाऊस लागायच्या आधी दुसरी डबी आणायचीच, आणि ती प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, वरच्या फळीवर.