साल्मोनेलाच्या परवानगीची फाईल

अन्नातल्या रोगजंतूंवर काम करते असं सांगितलं की लोक प्रयोगशाळेबद्दल विचारतात. मला आधी फाईल आठवते. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा ‘पेट’, मुलाखत, विषयाची नोंदणी सगळं वेळेत झालं. जैवसुरक्षा समितीच्या मंजुरीला मात्र साडेचार महिने गेले, आणि तो राग अजून मनातून गेलेला नाही.

विषय होता शेंगा चटणी. आपली सोलापूरची, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. तिच्यात पाणी नसल्यासारखंच, म्हणून जंतू वाढत नाहीत आणि ती टिकते. पण वाढत नाही म्हणजे मरतो असं नाही. कोरड्या, तेलकट पदार्थात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू महिनोन्‌महिने तग धरतो, आणि तिथे तो उष्णतेलाही सहज बधत नाही. अमेरिकेत २००८-०९ मध्ये पीनट बटर आणि शेंगदाण्याच्या पदार्थांतल्या साल्मोनेलामुळे ७०० हून जास्त माणसं आजारी पडली, ९ दगावली. ते पदार्थ जिथून आले त्या कारखान्याचं छत गळत होतं. मालकाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे दाणे भाजल्यावर कुटणं, भरणं सगळं हाताने होतं. जंतू शिरलाच तर कुठे शिरेल, ते मला शोधायचं होतं.

तुलनेसाठी साल्मोनेलाचं खात्रीचं कल्चर, म्हणजे ओळख पटलेल्या जिवंत जंतूंचा नमुना हवा. ते चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजंतूंच्या संग्रहाकडून मागवायचं, त्यासाठी संस्थेचं पत्र हवं, आणि पत्रासाठी समितीची मंजुरी.

पहिल्यांदा फाईल परत आली ती एका रकान्यामुळे. ‘जनुकीय बदल केलेला जीव आहे का?’ माझ्या कामात तसलं काही नव्हतं, म्हणून मी रेघ मारली होती. ‘लागू नाही’ असं लिहायला हवं होतं, हे तीन आठवड्यांनी कळलं. दुसऱ्यांदा बैठकच झाली नाही, कारण समितीतले डॉक्टर आले नव्हते. पुढच्या तारखेला डॉक्टर आले तर बाहेरचे सदस्य नव्हते. मी जुळे सोलापुरातून रोज सकाळी कार्यालयात डोकवायचे. “फाईल फिरायलीय मॅडम, येईल,” आवक-जावकचे काका सांगायचे. एकदा ते जेवायला गेलेले असताना मला माझी फाईल दिसली. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवला होता, आणि पुठ्ठ्यावर त्याचं गोल वळ उमटलं होतं. त्या दिवशी मी खाली जिन्यात बसून रडले.

बैठक झाली तेव्हा एका सदस्यांनी शीर्षकावर बोट ठेवलं. “शेंगा चटणी आणि साल्मोनेला एका ओळीत? सोलापूरची बदनामी होईल.” मी म्हटलं, “सर, माझी आई रोज ही चटणी कुटते, मी रोज खाते. कुठे जपायचं ते कळलं तर चटणीचं नाव वाढेल.” कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. शीर्षक बदलून फेरसादर करा, असा शेरा आला. ‘कमी जलांशाच्या भाजलेल्या शेंगदाणा पदार्थांतील’ असं लिहिलं, आणि तेच प्रपोजल, तोच मजकूर, पुढच्या बैठकीत पाच मिनिटांत मंजूर झालं. शीर्षक बदलल्याचं मला आजही वाईट वाटतं. चटणीला चटणी म्हणायला हवं होतं.

या काळात एक्सएलडी मीडियमचा, म्हणजे साल्मोनेला वाढवून ओळखायच्या पावडरीचा डबा मी उगाच फोडून ठेवला. पावसाळ्यात पावडरीचे खडे झाले, नवीन घ्यावी लागली. मंजुरी हातात येईपर्यंत सील तोडू नका.

कल्चर आलं ते काचेच्या एवढ्याशा अँप्यूलमध्ये, तळाशी चिमूटभर पांढरट भुकटी. कानशीने काचेला ओरखडा देताना माझा हात थरथरत होता. दुसऱ्या दिवशी इनक्युबेटर उघडला. लालसर प्लेटवर साल्मोनेलाचे काळ्या डोळ्यांचे ठिपके उगवले होते, पुस्तकातल्या चित्रासारखे. आधी आईला फोन केला, मग मार्गदर्शकांना.

अर्ज करणार असाल तर कचरा कसा नष्ट करणार तेही लिहून जोडा: ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र), १२१ अंश, १५ पौंड दाब, किती वेळ ते. मी ते जोडलं होतं, आणि समितीने त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. आणि अर्ज देताना आवक क्रमांक त्याच दिवशी, शिक्क्यासह, आपल्या प्रतीवर मागून घ्या. माझ्या पहिल्या अर्जावर तो नव्हता, म्हणून अर्ज कधी दिला हेच मला सिद्ध करता आलं नाही.